अंडरकटचा अहंकार

स्वयंपाकाच्या बाबतीत आमच्या अधिकारी वर्गात एक सिद्धान्त सध्या निर्विवाद मान्यता पावलेला दिसतो. तो असा की, माल उंची आणला म्हणजे पदार्थ आपोआप उत्तम होतो. तांदूळ जितका महाग तितका पुलाव श्रेष्ठ, मासा जितका मोठा तितके कालवण रुचकर, आणि पाहुण्यांपुढे ठेवलेल्या ताटाची योग्यता बाजाराच्या बिलावरून ठरवावी, अशी ही विचारसरणी आहे. ‘उंची म्हणजे काय?’ असे कोणी विचारलेच, तर ‘जे महाग असते ते’ यापेक्षा निराळे उत्तर सहसा मिळत नाही. हा सिद्धान्त चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर घरातील पाककलेच्या मुळावर येणारा आहे, असे आमचे मत आहे. आणि ते सिद्ध करण्यासाठी आम्ही जो साक्षीदार उभा करणार आहोत, तो पुष्कळ मराठी वाचकांना अपरिचित असेल. सारण भरून, गुंडाळून, दोऱ्याने बांधून मंद आचेवर शिजविलेले गोमांस, हा तो साक्षीदार.

निमित्त एका जेवणाचे झाले. आमच्याच भाषेचे, परंतु आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचे एक अधिकारी काही महिने प्रशिक्षणासाठी जर्मनीत राहून आले होते. तेथे एका कुटुंबात रविवारी दुपारी खाल्लेल्या ‘रूलाडे’ या पदार्थाची चव त्यांच्या जिभेवर राहून गेली होती. सध्या त्यांची नेमणूक जेथे आहे, त्या प्रांतात गोमांस उघडपणे विकले जाते. तेव्हा घरच्याच माणसांसाठी म्हणून त्यांनी तो बेत केला आणि ‘घरची माणसे’ या सदरात आम्हा पाचसहा जणांना बोलावले. मांसाबद्दल त्यांनी खाटकाला दोन दिवस आधी सांगून ठेवले होते. आणले ते अंडरकट. म्हणजे पाठीच्या कण्याखालची ती मऊ, लांबट पट्टी, जिचा भाव दुकानात सर्वांत वरचा असतो. सारणात काजू होते, बेदाणे होते, परदेशी चीज होते. ‘तिकडे दोन तास शिजवितात’ हे त्यांना पक्के आठवत असल्यामुळे ते दोन तास शिजविलेही होते. दोन तासांनी ताटात जे आले, ते बाहेरून देखणे आणि आतून भुशासारखे कोरडे होते. कनिष्ठांपैकी एकजण म्हणाला, ‘साहेब, असे मांस आजवर कुठेच खाल्ले नव्हते.’ हे विधान अक्षरशः खरे होते. यजमान मात्र चतुर गृहस्थ. त्यांना पदार्थ बिघडल्याचे कळले होते. पण कारण त्यांनी काय दिले? ‘माल पाहिजे तसा मिळाला नाही. पुढच्या वेळी विमानाने मागवितो.’

हे वाक्य ऐकले आणि लेखणी उचलावी असे वाटले. माल बिघडलेला नव्हता. तो नको तितका मऊ होता. पदार्थ फसला तो मालाच्या हलकेपणाने नव्हे, उंचीपणाने. आणि त्यावर सुचलेला उपाय काय, तर आणखी उंची माल!

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करणे अवश्य आहे. गोमांस खावे की न खावे, हा वाद आम्हांला येथे घालावयाचा नाही. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ते वर्ज्य आहे, आणि त्या भावनेविषयी आमच्या मनात अनादर नाही. महाराष्ट्रात २०१५ साली अमलात आलेल्या कायद्याने गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी आहे. केरळ, मेघालय, नागालँड अशा राज्यांत परिस्थिती निराळी आहे. आणि शासकीय सेवकाने ज्या राज्यात राहावे तेथील कायदा पाळावा, हे या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्यांना चालते त्यांनी म्हशीचे मांस घेऊनही हा पदार्थ करता येतो. ज्यांना काहीच चालत नाही, त्यांनी हा लेख एका दूरच्या देशातील सुगरणपणाची हकिकत म्हणून वाचावा. आमचा मुद्दा त्यांनाही तितकाच लागू आहे, हे शेवटी दिसून येईल.

प्रथम मूळ पदार्थ काय आहे ते पाहू. जर्मन गृहिणी रूलाडेसाठी अंडरकटकडे ढुंकूनही पाहत नाही. ती खाटकाकडे मागच्या मांडीचा आतला भाग मागते आणि त्याचे हातभर लांब, सुमारे अर्धा सेंटिमीटर जाडीचे पातळ काप काढून घेते. एका कापाचे वजन दीडशे ते दोनशे ग्रॅम. काप फळीवर पसरून ती ते सपाट बत्त्याने हलके ठोकते, म्हणजे तंतू सैल होतात आणि जाडी सर्वत्र सारखी होते. मग मीठ, मिरपूड, आणि एका बाजूस तिखट मोहरीचा लेप. त्यावर धुरावलेल्या बेकनची एक पट्टी, चिरलेला कांदा, आणि खारवून आंबविलेल्या काकडीची एक उभी फोड. बस्स, एवढेच सारण. ना काजू, ना बेदाणे. मीठ मात्र हात आखडून घालावे लागते; कारण बेकन, मोहरी आणि काकडी ही तिन्ही आपापले मीठ बरोबर घेऊन येतात. लांब कडा आत दुमडून, काप घट्ट गुंडाळून तो सुती दोऱ्याने किंवा लहान सळईने बंद करावयाचा. नंतर जाड बुडाच्या भांड्यात तुपात किंवा चरबीत तो सर्व बाजूंनी चांगला तांबूस परतावयाचा. परतताना जोडाची बाजू प्रथम खाली, म्हणजे ती धरून राहते. गुंडाळ्या बाजूला काढून त्याच तुपात कांदा, गाजर, लीक आणि सेलरीचा कंद परतून घ्यावयाचा, बुडाशी लागलेला तपकिरी थर तांबड्या मद्याने किंवा मांसाच्या पाण्याने खरवडून सोडवावयाचा, गुंडाळ्या पुन्हा आत ठेवावयाच्या, रस त्यांच्या निम्म्यापर्यंत येईल इतका ठेवून झाकण घालावयाचे, आणि दीड ते दोन तास रस खदखदू न देता नुसता हलत राहील अशा आचेवर ठेवून द्यावयाचे. सळई विनासायास आरपार गेली की मांस झाले. रस गाळून, थोडा दाट करून वर ओतावयाचा. सोबत सफरचंद आणि लवंग घालून शिजविलेला लाल कोबी आणि बटाट्याचे उकडलेले गोळे. रविवारच्या किंवा सणाच्या दिवशीच्या दुपारचे हे जेवण आहे.

आता प्रश्न असा की, मांडीचेच मांस का? खिशाची मर्यादा हे मूळ कारण असेल. परंतु खिसा भरल्यावरही ती गृहिणी मांडीवरून अंडरकटवर गेली नाही, याला निश्चित कारण आहे. जनावराचे जे स्नायू दिवसभर राबतात, त्यांत तंतूंना बांधून ठेवणारी चिवट द्रव्ये पुष्कळ असतात. त्यांतील मुख्य द्रव्य कोलॅजन. हे मांस थोडा वेळ भाजले तर चामड्यासारखे लागते. परंतु ओलसर उष्णतेत ते दीर्घकाळ राहिले, तर हेच कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. मांस मऊ होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रसाला अंगचा दाटपणा आणि ओठांना किंचित चिकटणारा तो गुळगुळीतपणा येतो, जो कोणत्याही पिठाने किंवा मलईने आणता येत नाही. उलट अंडरकट हा जनावराच्या अंगातील जवळजवळ बिनकामाचा स्नायू. त्यात कोलॅजन अगदी थोडे. त्यामुळे तो काही मिनिटांत भाजून खाण्यास उत्तम. पण तोच दोन तास शिजविला, तर तंतू आकसतात, आतले पाणी पिळून बाहेर जाते, आणि त्याची भरपाई करावयास जिलेटिन म्हणून काही नसतेच. आमच्या यजमानांच्या घरी नेमके हेच घडले. त्यांनी विमानाने आणखी मऊ मांस मागविले असते, तर भुसा आणखी बारीक पडला असता.

उंची मालाच्या पुरस्कर्त्यांजवळ आणखी एक आवडते शास्त्र असते: मांस प्रथम कडकडीत परतले म्हणजे त्याची छिद्रे बंद होऊन रस आत कोंडला जातो, आणि मग मांस कोणतेही असो, ते कोरडे पडत नाही. ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ सालच्या मांसविषयक ग्रंथामुळे जगभर पसरली. परंतु थोर माणसांच्या चुकाही थोर होतात. परतलेले आणि न परतलेले मांस शिजवून तोलून पाहिले तर परतल्यामुळे रस राखला जातो असे मुळीच दिसत नाही. परतावयाचे ते रंगासाठी आणि चवीसाठी. प्रथिने आणि शर्करा यांच्या संयोगाने तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो, हे मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली दाखविले. घरोघरच्या गृहिणींना दोघांपैकी एकाचेही नाव ठाऊक नव्हते. पण बुडाशी लागलेला तो थर टाकून न देता खरवडून रसात घ्यावा, हे त्यांना ठाऊक होते.

हा पदार्थ एकट्या जर्मनीचा नाही. युरोपभर त्याची भावंडे आहेत, आणि त्यांची नावे पाहिली म्हणजे आमचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फ्रान्सच्या दक्षिण भागात या गुंडाळीला ‘बिनडोक्याचे चंडोल’ म्हणतात. चेक लोक तिला ‘स्पॅनिश पक्षी’ म्हणतात. डच भाषेत तिच्या एका प्रकाराचे नाव एका चिमुकल्या आंधळ्या पाखरावरून पडले आहे. इंग्रज तिला ‘बीफ ऑलिव्ह’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा ऑलिव्हच्या फळाशी संबंध नसून चंडोल पक्ष्याच्या जुन्या फ्रेंच नावाचा तो अपभ्रंश आहे, असे कोशकार मानतात. हे पाखरांचे वेड कशासाठी? शिकारीचे पक्षी धनिकांच्या ताटात जात. सामान्य घरातील बाईने मांडीच्या मांसाचा तुकडा घेतला, त्यात सारण भरले, बांधून पाखराएवढा आकार दिला, आणि हसत हसत तोच मान त्याला दिला. सिसिलीतील मोठ्या गुंडाळीचे नाव तर याहून मजेदार आहे. ‘फार्सुमाग्रु’, म्हणजे ‘खोटे रोडके’. बाहेरून साधे मांस, आत उकडलेली अंडी, चीज आणि खारवलेले मांस. अर्जेंटिनात बरगड्या आणि कातडे यांच्या मधल्या चपट्या मांसाची अशीच गुंडाळी करून उकडतात आणि थंड झाल्यावर चकत्या कापतात. तिचे नाव ‘मातांब्रे’, म्हणजे ‘भूकमारी’. या नावांमध्ये कोठेही मालाच्या भावाचा टेंभा नाही. थोडी थट्टा आहे, थोडी भूक आहे, आणि हाताच्या कसबाचा अभिमान पुष्कळ आहे. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही मांसाला मसाला लावून, आत गाजर किंवा चोरीस भरून, दोऱ्याने बांधून अशी गुंडाळी करतात. पोर्तुगीज राजवट १९६१ साली संपली. स्वयंपाकघरातला दोरा राहिला.

‘कुटुंबाचे जेवण’ आणि ‘मेजवानी’ यांतील भेदही या पदार्थाने शिकण्यासारखा आहे. जर्मन घरात गुंडाळ्या माणसे मोजून करतात. ज्याची त्याची गुंडाळी ज्याच्या त्याच्या ताटात, आणि तिचा दोरा ज्याने त्याने सोडावयाचा. घरधन्याला मधला चांगला तुकडा आणि सुनेला उरलेसुरले, असा प्रकार या पदार्थात करणे अवघड, कारण सगळ्यांचे पुडके सारखेच असते. नेपल्सच्या घरांत याहून मोठी हुशारी आहे. तेथे मांसात लसूण, पार्स्ली, किसलेले चीज, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया भरून त्या गुंडाळ्या टोमॅटोच्या रसात रविवारी सकाळपासून शिजत असतात. जेवणात प्रथम तो रस पास्त्यावर घालून सर्वांना वाढतात. मांस नंतर निराळे येते. थोडक्या मांसाने एका भांड्यातून दोन वाढपे होतात, आणि घर भरलेले असले तरी कोणी उपाशी उठत नाही. आमच्या मेजवान्यांत याच्या उलट चाललेले दिसते. बारा पदार्थ मांडावयाचे, त्यांतील सहा उरावयाचे, आणि यजमानीणबाईंनी पाहुणे गेल्यावर डोके धरून बसावयाचे.

यावर तीन आक्षेप येतील, हे आम्ही जाणून आहोत.

पहिला आक्षेप: ‘हे गरिबीचे कौतुक झाले. पूर्वी लोकांना परवडत नव्हते, म्हणून ते चिवट मांस खात. आता परवडते, तर का खाऊ नये चांगले?’ उत्तर असे की, चांगले जरूर खावे. अंडरकट आणावे, जाड चकत्या कापाव्यात, तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी थोडा वेळ भाजाव्यात आणि लगेच खाव्यात. त्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, ‘चांगले’ हा शब्द एकटा उभा राहू शकत नाही. कशासाठी चांगले, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ नाही. भाजण्यासाठी अंडरकट चांगले, गुंडाळीसाठी मांडी चांगली, रश्श्यासाठी नळी चांगली. ज्याला हा विवेक आहे त्याने हवा तेवढा पैसा खर्च करावा. ज्याला नाही, त्याच्या हाती पैसा म्हणजे बिघाडाचे साधन होय. आणि गरिबीविषयी बोलावयाचे तर, गरिबांनी हा पदार्थ गरिबी मिरविण्यासाठी केला नाही. रविवार साजरा करण्यासाठी केला.

दुसरा आक्षेप: ‘वेळ कोणाला आहे?’ हा आक्षेप आम्ही अधिक गंभीरपणे घेतो. पण हिशेब नीट मांडावा. ठोकणे, भरणे, बांधणे, परतणे यांना सहा माणसांच्या जेवणासाठी सुमारे पाऊण तास लागतो. पुढचे दोन तास विस्तवाचे आहेत, माणसाचे नव्हेत. पदार्थ आदल्या रात्री करून ठेवता येतो आणि दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो. प्रेशर कुकर वापरण्यासही आमची हरकत नाही. वाफेच्या दाबाखाली तापमान १२० अंश सेल्सिअसच्या सुमारास जाते आणि कोलॅजन अर्ध्या तासात विरघळू लागते. रस मात्र नंतर उघड्या भांड्यात आटवून घ्यावा लागतो. आम्ही मंदपणाचे पूजक नाही. मांडीचे मांस कुकरमध्ये अर्ध्या तासात करणारी बाई मालाचा स्वभाव ओळखते. अंडरकट दोन तास शिजविणारा अधिकारी ओळखत नाही. घड्याळ दोघांपुढेही आहे. भेद ज्ञानाचा आहे.

परंतु याच आक्षेपाच्या पोटात एक खरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो पाऊण तास, आणि मध्येमध्ये झाकण उघडून पाहण्याचे ते दोन तास, आजवर कोणाचे होते? जर्मनीत, नेपल्समध्ये आणि आपल्याकडेही ते बायकांचे होते. रविवारी सकाळी पुरुष चर्चला किंवा चावडीवर जात आणि दुपारी येऊन ‘आज छान झाले आहे’ असे म्हणत. तेव्हा जुन्या पाककलेचे गोडवे गाणाऱ्या पुरुषाला ‘मग तुम्हीच करा’ असे घरच्या बाईने सुनावले, तर ते न्याय्यच होय. आमचे उत्तरही तेच आहे. तुम्हीच करा. आठवडाभर फायलींना फीत बांधणाऱ्या हातांना मांसाच्या सहा गुंडाळ्यांना दोरा बांधणे जड जाण्याचे कारण नाही. आणि एकदा स्वतः केले म्हणजे उंची मालाचा सिद्धान्त कोठून जन्माला आला हेही कळून येईल. जो स्वतः चुलीपुढे उभा राहत नाही, त्याच्या हाती पदार्थ सुधारण्याचे एकच साधन उरते: पाकीट. तो मोहरी किती लावावी ते सांगू शकत नाही, आच किती ठेवावी ते सांगू शकत नाही. ‘महाग आणा’ एवढेच सांगू शकतो. म्हणून तो तेच सांगतो, आणि त्यालाच रसिकता म्हणतो.

तिसरा आक्षेप: ‘या परदेशी मांसाचा आम्हांला काय उपयोग?’ ज्यांना मांस वर्ज्य आहे त्यांनी आपल्या आजीची अळुवडी आठवावी. अळूचे पान हे कोणत्याही अर्थाने उंची माल नव्हे. ते परसात न्हाणीच्या पाण्यावर उगवते. कच्चे खाल्ले तर त्यातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण घशाला खाज सुटवितात. त्या पानाच्या शिरा लाटण्याने दाबून सपाट करावयाच्या, चिंचगुळाच्या बेसनाचा लेप पानावर पान ठेवून द्यावयाचा, कडा आत दुमडून घट्ट गुंडाळावयाचे, प्रसंगी दोरा बांधावयाचा, उकडावयाचे, मग चकत्या कापून तळावयाच्या. काप ठोकणे, लेप देणे, कडा दुमडणे, गुंडाळणे, बांधणे, ओलसर उष्णतेत शिजविणे: ती जर्मन बाई आणि आपली आजी यांची एकमेकींशी गाठ पडली असती, तर भाषेवाचून त्यांना एकमेकींचे काम समजले असते. आणि अळूऐवजी बाजारातील सर्वांत महाग पालेभाजी घेऊन अळुवडी करावी असे जर कोणी सुचविले असते, तर आजीने त्याला काय उत्तर दिले असते, ते वाचकांनी आपापल्या आजीच्या शब्दांत कल्पावे.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न इतरांपेक्षा जवळचा आहे. आपल्या गावी उंची मालाच्या सिद्धान्ताला घरातील वडीलधाऱ्या बायका आळा घालीत असत. त्यांना ठाऊक असे की हा तांदूळ भाताचा आहे आणि तो भाकरीच्या पिठाचा, हा मासा आमटीचा आणि तो सुकविण्याचा. बंगल्यासोबत मिळालेल्या स्वयंपाक्याला हे विचारण्याची सोय नसते. तो साहेबाची मर्जी पाहतो आणि साहेब भाव पाहतात. नव्या गावी रुजू झाल्यावर आपण बाजारात काय विचारतो? ‘येथे सर्वांत चांगले काय मिळते?’ म्हणजेच सर्वांत महाग काय मिळते. म्हणून गुवाहाटी असो, कोची असो की कोलकाता असो, आपल्या ताटात तेच पनीर, तेच कोंबडीचे मऊ तुकडे आणि तेच काजू. कोलकात्यात तीन वर्षे काढून आलेल्या किती मराठी अधिकाऱ्यांनी दुधीच्या सालींची भाजी किंवा माशाचे डोके घातलेली मुगाची डाळ खाल्ली असेल? त्या प्रांताची सारी हुशारी साली, देठ, केळफूल आणि काटे यांत साठविलेली आहे, आणि आपण तेथून नुसते रसगुल्ल्याचे डबे घेऊन परत येतो. जर्मनीत राहूनही आमच्या यजमानांनी नेमके हेच केले. त्यांनी चव आठवणीत ठेवली. पण त्या बाईला ‘मांस कोणते घेतले?’ एवढा साधा प्रश्न विचारावयाचे त्यांना सुचले नाही. उत्तर आपल्याला माहीतच आहे, असे त्यांना वाटले असावे.

ज्यांना हे मांस चालते आणि मिळते, त्यांनी म्हणून एका रविवारी पुढील प्रयोग करून पाहावा. खाटकाकडे स्वतः जावे. अंडरकट पुढे केले तर नम्रपणे नाही म्हणावे आणि मांडीचा आतला भाग मागावा. खाटीक आपल्याकडे आश्चर्याने पाहील, ते सोसावे. काप पातळ काढून घ्यावेत. तंतू कोणत्या दिशेने धावतात ते पाहून गुंडाळी अशी करावी की ते गुंडाळीच्या लांबीने राहतील. मग ताटात आडवी सुरी चालविली की तंतू तुटतात आणि घास मऊ येतो. दोरा सुती व बिनरंगाचा घ्यावा. घरात जितकी माणसे तितक्या गुंडाळ्या कराव्यात, आणि स्वयंपाकघरात मदत करणारे माणूस घरी जेवणार असेल तर तेही त्या संख्येत धरावे. विस्तव मंद ठेवावा. आणि जेवताना मांस कोठून आणले आणि केवढ्याला आणले, हे कोणालाही सांगू नये.

आमच्या यजमानांना आम्ही हे सारे त्यांच्या घरी सांगावयास हवे होते, हे आम्ही कबूल करतो. त्या रात्री आम्हीही इतरांबरोबर मान डोलावली, ती श्रेणी पाहून. मालाचा भाव पाहून मान डोलावणे आणि यजमानाची श्रेणी पाहून मान डोलावणे यांत फारसे अंतर नाही. तो दोष आमचा आहे आणि हा लेख त्याचे अर्धे प्रायश्चित्त आहे. उरलेले अर्धे येत्या रविवारी करावयाचे ठरविले आहे. त्यांना सहकुटुंब बोलावले आहे, मांडीच्या मांसाची मागणी खाटकाकडे नोंदविली आहे, आणि ते विमानाने येणार नाही.